जबाब कोणाकडे मागायचा?

पालघर जिल्ह्यात विरार स्टेशनच्या पश्चिमेला पाच-सहा किलोमीटरवर आगाशी नावाचे गाव आहे. नारळी-केळीच्या वाड्या, भवानीशंकराचे जुने देऊळ आणि थोडे पुढे गेले की अर्नाळ्याचा समुद्र व पाण्यातला किल्ला. तुमच्यापैकी जे वसई, नालासोपारा, विरार या भागात राहतात, त्यांनी हे गाव पाहिलेच असेल. ज्यांनी पाहिले नसेल त्यांनी निदान आगाशीच्या सुकेळ्यांचे नाव ऐकले असेल. राजेळी जातीची पिकलेली केळी सोलून उन्हात वाळवतात आणि केळीच्या वाळक्या पानांत बांधून विकतात. राजेळीची लागवड आता कमी झाली आहे. तरी सुकेळी अजून मिळतात आणि ज्याने एकदा खाल्ली तो पुन्हा मागतो.

आज आपण या गावापासून निघून एका मोठ्या प्रश्नाकडे जाणार आहोत. तो प्रश्न तुमच्या घरातल्या मोबाइल फोनशी जोडलेला आहे. आगाशीचा आणि फोनचा काय संबंध, असे तुम्हांला वाटेल. थोडा धीर धरा.

सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला आगाशी हे भरभराटीचे बंदर होते. येथे इमारती लाकडाचा मोठा व्यापार चाले आणि जहाजे बांधली जात. त्या वेळी हा प्रदेश गुजरातच्या सुलतानाच्या ताब्यात होता. १५३० आणि १५३१ या दोन वर्षांत पोर्तुगीजांनी आगाशी दोनदा लुटली. पुढे १५३४ मध्ये सुलतान बहादूरशहाने तह करून वसई पोर्तुगीजांना दिली.

पोर्तुगीजांजवळ माणसे थोडी होती. सारा हिंदुस्थान जिंकण्याइतके सैन्य त्यांच्याजवळ नव्हते. पण व्यापाऱ्यांचा माल समुद्रावरून जातो, तेव्हा जमीन जिंकण्यापेक्षा समुद्राची वाट अडवणे सोपे, हे त्यांनी ओळखले. त्यांनी हुकूम काढला, की अरबी समुद्रातून जाणाऱ्या जहाजांनी आमच्याकडून परवाना घेतला पाहिजे. या परवान्याला 'कार्ताझ' म्हणत. जहाज कोणाचे, त्यावर माल काय, जायचे कोठे, हे त्यात लिहिलेले असे. परवान्याची फी फारशी नव्हती. खरा फटका दुसरीकडे बसे. परवाना घेतलेल्या जहाजाला पोर्तुगीजांच्या बंदरात थांबून जकात भरावी लागे. काही माल तर न्यायलाच बंदी होती. मिरीचा व्यापार त्यांनी स्वतःसाठी राखून ठेवला होता. परवाना नसला की जहाज जप्त होई. हजला निघालेल्या यात्रेकरूंच्या जहाजांना, अगदी मुघल बादशहांच्या जहाजांनासुद्धा, हा कागद घ्यावा लागे.

(येथे एक गोष्ट लक्षात ठेवा. उर्दूत 'ज़कात' म्हणजे आपल्या संपत्तीतून गरिबांसाठी काढलेला हिस्सा. मराठीत 'जकात' म्हणजे मालावर घेतलेला कर. शब्द एकच, अर्थ दोन. परीक्षेत घोटाळा करू नका.)

आता या व्यवहाराकडे नीट पाहा. जहाज आगाशीच्या सुताराने बांधलेले, माल व्यापाऱ्याचा, मेहनत खलाशांची. तरी प्रत्येक फेरीत पोर्तुगीजांचा वाटा ठरलेला. आणि त्यांनी एखादे जहाज अन्यायाने पकडले, तर मालकाने दाद कोणाकडे मागायची? बहुधा त्याच पोर्तुगीजांकडे.

याच वसईत पुढे याहून मोठी गोष्ट घडली. ३१ डिसेंबर १८०२ रोजी येथे एक तह झाला. एका बाजूला दुसरा बाजीराव पेशवा होता. दुसऱ्या बाजूला कोण होते? इंग्लंडचा राजा नव्हता. लंडनमध्ये कचेरी असलेली, १६०० मध्ये व्यापारासाठी स्थापन झालेली एक कंपनी होती. पेशव्याने आपल्या राज्यात त्या कंपनीची फौज ठेवून घेण्याचे कबूल केले आणि तिच्या खर्चासाठी वर्षाला २६ लाख रुपये उत्पन्नाचा मुलूख तोडून दिला. जुनी माणसे 'कंपनी सरकार' असा शब्द वापरत, तो यामुळेच. व्यापार करणारी कंपनी आणि राज्य करणारे सरकार एकच झाले होते. इंग्लंडच्या पार्लमेंटने १७७३ पासून कायदे करून या कंपनीला हिशेब विचारायला सुरुवात केली होती. पण तो विचारला जाई लंडनमध्ये. ज्या लोकांवर ती राज्य करत होती, त्यांना काही विचारण्याचा हक्क नव्हता.

आता आजच्या आगाशीत परत येऊ. समजा, तेथील एका घरात सुकेळी तयार होतात. पूर्वी ती बाजारात विकली जात. आता घरातील मुलगी म्हणते, आपण फोनवरून विकू. ती सुकेळ्यांचे फोटो काढून इन्स्टाग्रामवर टाकते. गिऱ्हाइके व्हॉट्सअ‍ॅपवर मागणी नोंदवतात. मुंबईहून कोणी यायचे असेल, तर ते गूगलच्या नकाशावर घर शोधतात. पैसे फोनवरच मिळतात. सारे किती सोपे झाले! इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सअ‍ॅप या दोन्ही मेटा नावाच्या एकाच अमेरिकन कंपनीच्या मालकीच्या आहेत. फोन ज्या प्रणालीवर चालतो ती अँड्रॉइड आणि तो नकाशा, ही दोन्ही गूगलची आहेत. म्हणजे गिऱ्हाइकाची वाट जवळजवळ सगळी दोन कंपन्यांच्या अंगणातून जाते.

समजा, एके सकाळी त्या मुलीचे खाते बंद झाले. फोनवर एवढेच लिहून आले, की 'आपण आमच्या नियमांचा भंग केला आहे.' कोणता नियम? कोणता फोटो? ते लिहिलेले नाही. खाली कोणाचे नाव नाही, सही नाही. ग्रामपंचायतीत, पोस्टात, बँकेत खिडकीच्या मागे एक माणूस बसलेला असतो. तो कधी चिडका असतो, कधी जेवायला गेलेला असतो, पण असतो. त्याच्याशी भांडता येते, त्याच्या साहेबाकडे जाता येते. येथे भांडायचे कोणाशी?

या कंपन्यांनी आपल्यावर नुसता जुलूम केला आहे, असे मात्र समजू नका. पोर्तुगीजांनी समुद्र निर्माण केला नव्हता. या कंपन्यांनी आपली वाट निदान स्वतः बांधली आहे. कोकणातील कितीतरी घरांतील माणसे आखाती देशांत नोकरीला आहेत. त्यांच्याशी रोज तोंड पाहून बोलता येते आणि त्याला वेगळे पैसे पडत नाहीत. पुस्तक विकत घेणे ज्याला परवडत नाही, त्याला फोनवर गणिताचा पाठ ऐकता येतो. ही सोय खरी आहे. आपल्याकडून पैसे न घेता या कंपन्या कमावतात कशा, तर मुख्यतः जाहिरातींतून. आपण काय पाहतो, काय शोधतो, कोठे जातो, याची नोंद त्यांच्याकडे होत असते आणि त्या नोंदीवरून कोणाला कोणती जाहिरात दाखवायची ते ठरते. म्हणून एखादी कंपनी जितक्या जास्त फोनांत शिरेल तितका तिचा फायदा.

यातूनच भारतात एक महत्त्वाचा खटला उभा राहिला. त्याची हकीकत तुम्ही नीट वाचावी असे मला वाटते, कारण तक्रार करणारे मोठे उद्योगपती नव्हते.

२०१८ मध्ये तीन तरुणांनी भारतीय स्पर्धा आयोगाकडे गूगलविरुद्ध अर्ज केला. त्यांपैकी एक तर कायद्याचा विद्यार्थी होता. स्पर्धा आयोग म्हणजे २००२ च्या स्पर्धा कायद्याने निर्माण झालेली संस्था. बाजारात कोणी दांडगाई करत नाही ना, हे पाहणे तिचे काम. या कायद्यातील एक बारकावा समजून घ्या. मोठे असणे हा गुन्हा नाही. चांगला माल देऊन एखादा दुकानदार गावात सर्वांत मोठा झाला, तर त्याला कोणी शिक्षा करत नाही. पण त्या मोठेपणाच्या जोरावर तो दुसऱ्यांना धंदाच करू देत नसेल, तर तो दोषी ठरतो. उर्दूत ज्याला 'इजारादारी' म्हणतात, तिला मराठीत 'मक्तेदारी' म्हणतात.

त्या तरुणांची तक्रार अशी होती. भारतातील शंभरांपैकी नव्वदांहून अधिक स्मार्टफोन अँड्रॉइडवर चालतात. अँड्रॉइड फोन बनवणाऱ्या कंपनीला आपल्या फोनात प्ले स्टोअर हवेच असते. त्याशिवाय गिऱ्हाईक फोन घेणार नाही. गूगल म्हणे, प्ले स्टोअर देतो, पण त्याबरोबर आमची बाकीची सगळी अ‍ॅप घ्या आणि शोध घेण्याची आमची पट्टी फोनच्या दर्शनी पानावर ठेवा. किराणा दुकानाला साखर पुरवणाऱ्या घाऊक व्यापाऱ्याने म्हणावे, 'साखर हवी असेल तर चहाही आमचाच घ्या, बिस्किटेही आमचीच घ्या आणि ती समोरच्या फळीवर मांडा,' त्यातलाच हा प्रकार. दुसऱ्या कोणाचा चहा कितीही चांगला असला, तरी तो मागच्या फळीवर धूळ खात राहणार.

आयोगाने २०१९ मध्ये चौकशीचा हुकूम दिला. चौकशी चालली, दोन्ही बाजूंचे म्हणणे ऐकले गेले आणि २० ऑक्टोबर २०२२ रोजी आयोगाने गूगलला १,३३७.७६ कोटी रुपये दंड केला. अ‍ॅपमधून होणाऱ्या विक्रीचे पैसे आपल्याच पद्धतीने घेतले पाहिजेत, अशी सक्ती गूगल अ‍ॅप बनवणाऱ्यांवर करत असे. त्याबद्दल पाच दिवसांनी आणखी ९३६.४४ कोटींचा दुसरा दंड झाला. गूगलने अपील केले. मार्च २०२३ मध्ये अपील न्यायाधिकरणाने पहिला दंड कायम ठेवला, पण आयोगाचे काही हुकूम रद्द केले. दुसरा दंड मार्च २०२५ मध्ये २१६.६९ कोटींवर आणला. म्हणजे आयोगाचेही सगळे म्हणणे टिकले नाही. हे योग्यच आहे. जो दुसऱ्याला जबाब विचारतो, त्यालाही आपले म्हणणे वरच्या न्यायासनापुढे सिद्ध करावे लागले पाहिजे. पुढे ही प्रकरणे सर्वोच्च न्यायालयात गेली.

१,३३७ कोटी हा आकडा वाचून तुमचे डोळे विस्फारले असतील. आता थोडे गणित करा. २०२२ या वर्षात गूगलच्या मूळ कंपनीची जगभरातील मिळकत सुमारे २८,२८० कोटी डॉलर होती. दंडाची रक्कम डॉलरमध्ये सुमारे १६ कोटी होते. वर्षाचे तास ८,७६०. त्रैराशिक मांडून पाहा. हा दंड म्हणजे त्या कंपनीची किती वेळाची मिळकत? उत्तर पाच तासांच्या आसपास येईल. सकाळची शाळा भरून सुटेपर्यंत दंड वसूल!

मग या खटल्याने साधले काय? दंडापेक्षा दुसरी गोष्ट मला मोलाची वाटते. जानेवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आयोगाच्या हुकुमाला स्थगिती देण्यास नकार दिला. त्यानंतर गूगलला जाहीर करावे लागले, की भारतात फोन बनवणाऱ्यांना अ‍ॅप सुटी सुटी घेता येतील आणि फोन वापरणाऱ्याला शोधासाठी कोणाची सेवा हवी ते निवडता येईल. जो नियम वर्षानुवर्षे 'आमच्या अटी' म्हणून चालला होता, त्याचे कारण एका कचेरीत येऊन, कागदावर, सांगावे लागले.

पैशांच्या व्यवहारात याच प्रश्नाचे वेगळे रूप दिसते. फोनवरून पैसे पाठवण्याची यूपीआय ही पद्धत २०१६ मध्ये सुरू झाली. ती मुंबईच्या राष्ट्रीय देयक महामंडळाने तयार केली. म्हणजे येथे रस्ता परक्या कंपनीचा नाही. तरीही त्या रस्त्यावरचे शंभरांपैकी ऐंशीहून अधिक व्यवहार फोनपे आणि गूगल पे या दोनच अ‍ॅपमधून होऊ लागले. कोणत्याही एका अ‍ॅपकडे शंभरांतील तीसपेक्षा जास्त व्यवहार नसावेत, असे महामंडळाने २०२० मध्ये ठरवले. पण मुदत पुन्हा पुन्हा वाढवावी लागली. २०२४ च्या अखेरीस ती ३१ डिसेंबर २०२६ पर्यंत नेण्यात आली. कारण उघड आहे. कोट्यवधी माणसांची सवय एखाद्या तारखेला हुकूम काढून मोडता येत नाही. वेळीच विचारले नाही तर पुढे विचारणेही कठीण होते, ते असे.

आता एका शब्दाकडे वळू. उर्दूत 'ज़िम्मेदारी' आणि 'जवाबदेही' असे दोन शब्द आहेत. मराठीत या दोन्हींसाठी बहुधा 'जबाबदारी' हा एकच शब्द चालतो. दुसऱ्या अर्थासाठी 'उत्तरदायित्व' असा जड शब्द पुस्तकांत आढळतो, पण तो बाजारात कोणी बोलत नाही. मला विचाराल तर तुमचा 'जवाबदेही' हा शब्द अधिक नेमका आहे. जिम्मा माणूस स्वतः घेतो; जबाब त्याला दुसरा कोणी विचारतो. 'लोकांची काळजी घेणे ही आम्ही आमची जबाबदारी मानतो,' असे मोठ्या कंपन्यांच्या जाहिरातींत नेहमी असते. ती झाली ज़िम्मेदारी. जवाबदेहीसाठी विचारणारा कोणीतरी असावा लागतो, उत्तराला मुदत असावी लागते आणि उत्तर आले नाही तर पुढचे दार असावे लागते.

हा फरक केवळ पैशांपुरता नाही. तो माणसाच्या जिवापर्यंत जातो, हे महाराष्ट्राने २०१८ मध्ये पाहिले.

धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा नावाचे गाव आहे. १ जुलै २०१८, रविवार. आठवडी बाजाराचा दिवस. नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या समाजाचे पाच जण तेथे आले होते. भिक्षा मागत गावोगाव फिरणे हा त्यांचा परंपरेचा व्यवसाय. मुले पळवणारी टोळी या भागात फिरत आहे, अशी अफवा कित्येक दिवस व्हॉट्सअ‍ॅपवरून पसरत होती. जमाव जमला. पाचही जणांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारहाण झाली आणि ते मरण पावले. कोणतेही मूल पळवले गेले नव्हते. त्याच दिवशी मालेगावातही अशाच अफवेने एक जमाव पाच जणांच्या अंगावर धावून गेला. त्यांत एक लहान मूल होते. तेथे मात्र त्यांना एका घरात आसरा मिळाला आणि पोलिसांनी त्यांना सुखरूप बाहेर काढले.

राईनपाड्याला कोणी मारले? हात माणसांचे होते, यात शंका नाही. कंपनीने कोणाला मारा असे सांगितले नव्हते. पण पूर्वी अफवा एका गावातून दुसऱ्या गावात पायी जाई. वाटेत कोणी शहाणा माणूस तिला अडवी. आता एका बोटाने ती एका क्षणात कितीतरी गटांत पोचत होती, आणि हे यंत्र कंपनीने बनवले होते. भारत सरकारने पत्र लिहून कंपनीला जाब विचारला. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने पुढे पाठवलेल्या निरोपावर तशी खूण दाखवायला सुरुवात केली आणि भारतात एक निरोप एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल, अशी मर्यादा घातली. जानेवारी २०१९ मध्ये हीच मर्यादा जगभर लागू झाली. भारतासाठी तक्रार अधिकारीही नेमला गेला. पण तो बसणार होता अमेरिकेत! ही मर्यादा घालणे कंपनीला राईनपाड्याच्या आधी अशक्य होते काय? मला तसे वाटत नाही. तोपर्यंत कोणी विचारले नव्हते, किंवा विचारले ते ऐकू गेले नव्हते.

मग सरकारने कंपन्यांना हवे ते हुकूम द्यावेत आणि त्यांनी ते मुकाट्याने पाळावेत, हा उपाय झाला का? घाई करू नका. आगाशीहून फार दूर नाही, त्या पालघर गावातच याची दुसरी बाजू दिसली होती. नोव्हेंबर २०१२ मध्ये शिवसेनाप्रमुख बाळासाहेब ठाकरे यांचे निधन झाले आणि मुंबई बंद राहिली. त्या बंदबद्दल पालघरच्या एका तरुण मुलीने फेसबुकवर काही ओळी लिहिल्या. तिच्या मैत्रिणीने त्या आवडल्याची खूण केली. दोघींना अटक झाली. देशभर टीका झाली, पुढे खटला मागे पडला. ज्या कायद्याचा आधार घेऊन अशा अटका होत, त्या माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ६६-अ हे कलम सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी घटनाविरोधी ठरवून रद्द केले. त्याच निकालात न्यायालयाने आणखी एक गोष्ट सांगितली. कोणीही उठून 'हा मजकूर काढा' म्हटले, की कंपनीने तो काढलाच पाहिजे असे नाही. त्यासाठी न्यायालयाचा किंवा सरकारचा कायदेशीर हुकूम हवा.

हे दोन प्रसंग शेजारी शेजारी ठेवले की प्रश्न किती अवघड आहे ते कळते. व्हॉट्सअ‍ॅपवरील निरोप कुलूपबंद असतो. पाठवणारा आणि घेणारा यांच्याशिवाय तो कंपनीलाही वाचता येत नाही. अफवा प्रथम कोणी पाठवली ते शोधता आले पाहिजे, असे सरकारने २०२१ च्या नियमांत म्हटले. व्हॉट्सअ‍ॅप त्याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेले. कुलूप एकदा उघडले, तर अफवा पसरवणाऱ्याबरोबर साध्या माणसाचेही पत्र वाचले जाईल, असा त्यांचा मुद्दा. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. वर्गात यावर वाद घाला. पण एकमेकांचे ऐकून घ्या.

त्याच २०२१ च्या नियमांनी एक साधी, उपयोगाची गोष्ट केली. अशा प्रत्येक कंपनीने तक्रार अधिकारी नेमून त्याचे नाव व पत्ता जाहीर केला पाहिजे आणि तक्रारीची पोच चोवीस तासांत दिली पाहिजे, असे ठरले. ज्या कंपनीचे भारतात पन्नास लाखांहून अधिक वापरणारे आहेत, तिचा हा अधिकारी भारतातच राहणारा असला पाहिजे. त्याच्या उत्तराने समाधान झाले नाही, तर केंद्र सरकारने जानेवारी २०२३ मध्ये नेमलेल्या तक्रार अपील समित्यांकडे अपील करता येते. आगाशीच्या त्या मुलीचे खाते खरोखरच बंद झाले, तर तिने नुसते रडत बसू नये. बंद झाल्याचा निरोप जपून ठेवावा, तारीख लिहावी, कोणता नियम मोडला ते लेखी विचारावे आणि पोच मागावी. आपली पिळवणूक होते आहे असे पत्रात दहा वेळा लिहिण्यापेक्षा एक तारीख आणि एक पुरावा अधिक उपयोगी पडतो.

तुमच्या वयाच्या मुलांसाठी २०२३ मध्ये आणखी एक कायदा झाला. त्याचे नाव लांबलचक आहे: डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा. अठरा वर्षांखालील मुलाची माहिती घेण्यापूर्वी कंपनीने त्याच्या आईवडिलांची संमती घेतली पाहिजे आणि मुलांवर पाळत ठेवून त्यांना जाहिराती दाखवू नयेत, असे तो सांगतो. माहिती का हवी, हे सांगणारी सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत वाचण्याची सोय असली पाहिजे, असेही त्यात आहे. त्या अनुसूचीत मराठी आहे आणि उर्दूही आहे. या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले आणि कंपन्यांवरील मुख्य बंधने त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू व्हावीत, अशी मुदत दिली गेली. घरी नवे अ‍ॅप घ्यायचे असेल, तर 'मान्य' हे बटण दाबण्यापूर्वी मोठ्यांबरोबर बसून अटींच्या कागदात दोन गोष्टी शोधा. खाते बंद करण्याची कोणती कारणे लिहिली आहेत? आणि तक्रार अधिकाऱ्याचा पत्ता कोठे दिला आहे?

शब्दार्थ

परवाना – इजाज़तनामा. दाद मागणे – इन्साफ़ मागणे. मक्तेदारी – इजारादारी. दांडगाई – ज़बरदस्ती. मिळकत – आमदनी. स्थगिती – थांबवण्याचा हुकूम. जाब विचारणे – जवाब तलब करणे. पोच – मिळाल्याची रसीद

स्वाध्याय

१. कार्ताझ घेतलेल्या जहाजाच्या मालकाचे नुकसान कसे होई?
२. 'मोठे असणे हा गुन्हा नाही.' मग गुन्हा कशाला म्हटले आहे? किराणा दुकानाचे उदाहरण देऊन लिहा.
३. राईनपाडा आणि पालघर येथील प्रसंगांत जबाब कोणी कोणाला विचारायला हवा होता? तुमचे मत आठ-दहा ओळींत लिहा.
४. जकात, तक्रार, जाहिरात हे शब्द उर्दूत व मराठीत कोणत्या अर्थांनी वापरतात ते घरी विचारून लिहा.
५. तुमच्या दुकानाचे खाते कारण न देता बंद झाले आहे, असे समजून तक्रार अधिकाऱ्यास मराठीत पत्र लिहा.